छातीत पाणी झाले म्हणजे टीबीच का? निदान नेमके कसे होते

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी "छातीत पाणी झाले आहे" असे सांगितले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे टीबी आहे का?" प्रश्न रास्तच आहे. आपल्या देशात, विशेषतः तरुण वयात, छातीच्या एकाच बाजूला पाणी होण्याच्या प्रमुख कारणांत टीबीचा क्रमांक वरचा आहे. पण प्रमुख कारण म्हणजे एकमेव कारण नव्हे. न्यूमोनिया, हृदयविकार, लिव्हरचे आजार, मूत्रपिंडाचे आजार, डेंग्यू, संधिवात आणि कर्करोग यांतही छातीत पाणी होते.

या आजारात दोन प्रकारची घाई नेहमी दिसते. एक म्हणजे, पाणी दिसले की त्याची तपासणी न करताच टीबीची औषधे सुरू होतात. दुसरी म्हणजे, "टीबीचे जंतू आढळले नाहीत" असा रिपोर्ट आला की टीबी नाही असे समजून सगळे निर्धास्त होतात. दोन्ही महागात पडतात. म्हणून निदान कसे होते आणि कोणत्या रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा, हे रुग्णाला आणि नातेवाईकांना माहीत असायला हवे.

छातीत पाणी म्हणजे नेमके कुठे?

हे पाणी फुप्फुसाच्या आत नसते, फुप्फुसाच्या भोवती असते. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून तसेच दुसरे. या दोन पदरांच्या मधे नेहमीच थोडा ओलावा असतो, साधारण १० ते २० मिलिलिटर, म्हणजे दोन-चार चमचे. श्वास घेताना हे पदर एकमेकांवर घासू नयेत म्हणून तो असतो. रोज तो तयार होतो आणि रोज शोषला जातो. तयार होणे वाढले किंवा शोषणे कमी झाले की पाणी साठते. यालाच प्लुरल इफ्युजन म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करू. आपण पितो ते पाणी छातीत जात नाही. "छातीत पाणी झालंय, पाणी कमी प्या" असे सांगून तापाने आधीच थकलेल्या रुग्णाला तहानलेले ठेवू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांत पाणी मोजून प्यावे लागते, पण ते तुमचे डॉक्टर सांगतील.

टीबीमुळे पाणी का होते?

टीबीचा जंतू फुप्फुसात आवरणालगत लहानशी जागा धरून बसतो. तिथून थोडे जंतू, किंवा त्यांच्यातील प्रथिने, दोन पदरांमधल्या जागेत उतरतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. पदरांना सूज येते आणि त्यांतून पाणी झिरपू लागते. म्हणजे बरेचसे पाणी जंतूंच्या संख्येमुळे नव्हे, तर त्यांच्याविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे साठते.

पाणी भरपूर, जंतू मोजके : ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे रिपोर्ट समजायला सोपे जातात. फुप्फुसाच्या टीबीत रुग्णाच्या थुंकीत जंतू दिसतात, तसे ते या पाण्यात सहज दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाणी तपासले तर टीबी असलेल्या १०० रुग्णांपैकी १० जणांतही जंतू दिसत नाहीत.

लक्षणे कोणती?

- एका बाजूला छातीत टोचल्यासारखे दुखणे, खोल श्वास घेताना किंवा खोकताना ते वाढणे
- कोरडा खोकला
- ताप, बऱ्याचदा संध्याकाळी येणारा, आणि रात्री घाम
- भूक मंदावणे, वजन कमी होणे
- पाणी वाढले की दम लागणे

यातली एक गोष्ट फसवी आहे. सुरुवातीला सुजलेले पदर एकमेकांवर घासतात म्हणून दुखते. पाणी वाढले की ते एकमेकांपासून दूर होतात आणि दुखणे कमी होते. रुग्णाला वाटते, बरे वाटू लागले. पण त्याच सुमारास जिना चढताना दम लागायला लागतो. दुखणे थांबले आणि दम वाढला, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही.

काही जणांत आजार हळूहळू न येता चार-पाच दिवसांत जोराचा ताप आणि छातीत दुखणे घेऊन न्यूमोनियासारखा येतो. त्यामुळे "इतक्या लवकर टीबी कसा होईल?" असे म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही.

एक्स-रे आणि सोनोग्राफी काय सांगतात?

उभे राहून काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये साधारण २०० मिलिलिटर पाणी साठले की खालचा टोकदार कोपरा बुजलेला दिसतो. सोनोग्राफीत त्याहून बरेच कमी पाणीही दिसते. पाणी मोकळे आहे की त्यात जाळी धरून कप्पे झाले आहेत हेही कळते, आणि सुई कुठे घालायची ती सुरक्षित जागा ठरवता येते. फुप्फुसात गाठ किंवा आणखी काही असल्याचा संशय असेल तर सीटी स्कॅन सांगितला जातो.

मात्र या तिन्ही तपासण्या पाणी आहे का, किती आहे आणि कसे आहे एवढे सांगतात. ते कशामुळे झाले हे बहुतेक वेळा सांगू शकत नाहीत. त्यासाठी पाणीच तपासावे लागते.

पाणी काढून तपासणे : भीती आणि वस्तुस्थिती

रुग्णाला टेबलावर हात ठेवून थोडे पुढे वाकून बसवतात. पाठीवर जागा स्वच्छ करून भुलीचे इंजेक्शन देतात. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जाते, म्हणून सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत घालतात. तपासणीपुरते पाणी काही मिनिटांत निघते. दम लागत असेल तर जास्त पाणी काढतात, पण एका वेळी साधारण एक ते दीड लिटरपर्यंतच. त्याहून जास्त आणि घाईने काढले तर दबलेले फुप्फुस एकदम फुलल्याने त्रास होऊ शकतो.

छातीत हवा शिरणे किंवा रक्तस्राव होणे हे धोके आहेत, पण सोनोग्राफीच्या मदतीने जागा ठरवली तर ते बरेच कमी होतात. तुम्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा.

"एकदा पाणी काढले की सवय लागते, मग सारखे काढावे लागते," हे वाक्य मी ओपीडीत नेहमी ऐकतो. पाणी पुन्हा साठते ते मूळ आजारामुळे, सुईमुळे नाही. कारण सापडले आणि उपचार सुरू झाले की ते साठायचे थांबते.

प्रत्येक वेळी पाणी काढावेच लागते असेही नाही. हृदय कमजोर असल्याचे आधीच माहीत आहे, दोन्ही बाजूंना पाणी आहे आणि ताप नाही, किंवा डेंग्यूमध्ये थोडे पाणी झाले आहे, अशा वेळी डॉक्टर मूळ आजारावर उपचार करून वाट पाहतात. एका बाजूला पाणी आणि त्यासोबत ताप किंवा वजन घटणे असेल, तर मात्र तपासणी टाळू नये.

पाण्याचा रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

रंग : टीबीचे पाणी बहुतेक वेळा फिकट पिवळे असते. पू असेल तर घट्ट आणि गढूळ. लालसर पाणी कर्करोगात, मार लागल्यावर आणि कधीकधी टीबीतही येते. नुसत्या रंगावरून निदान होत नाही.

प्रथिने आणि एलडीएच : हृदय किंवा लिव्हरच्या आजारात नुसते झिरपून आलेले पाणी पातळ असते. सूज किंवा संसर्गामुळे आलेल्या पाण्यात प्रथिने जास्त असतात. हा फरक ओळखण्यासाठी १९७२ मध्ये डॉ. रिचर्ड लाइट यांनी मांडलेले निकष आजही वापरले जातात. पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असतील तर पाणी सुजेचे समजतात. म्हणूनच पाण्यासोबत त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही मागतात. टीबीचे पाणी सुजेच्या प्रकारात मोडते.

पेशी : टीबीत बहुधा लिम्फोसाइट या पेशी निम्म्याहून खूप जास्त असतात. न्यूमोनिया आणि पू झाल्यावर न्यूट्रोफिल वाढतात. मात्र टीबीच्या अगदी पहिल्या दिवसांतही न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात.

एडीए : हे पेशींमधून येणारे एक विकर म्हणजे एन्झाइम आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट : यांत टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात. काही तासांत निकाल मिळतो आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर टीबी जवळजवळ निश्चित. पण पाण्यात जंतूच मोजके असल्याने टीबी असूनही निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत तो निगेटिव्ह येतो.

कल्चर : यात जंतू वाढवून पाहतात. निकाल निगेटिव्ह म्हणायला सहा ते आठ आठवडे लागतात. उशीर होतो, पण औषधांना दाद न देणारा टीबी ओळखण्यासाठी तो मोलाचा आहे.

सायटॉलॉजी : कर्करोगाच्या पेशी शोधण्यासाठी. एकदा निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर पुन्हा पाठवावी लागते.

एडीए ४० च्या वर म्हणजे टीबी पक्का?

नाही. एडीए ही उपयोगी आणि स्वस्त चाचणी आहे, पण तो आकडा एकटा वाचायचा नसतो. साधारणपणे लिटरला ४० युनिटच्या वर एडीए आणि सोबत लिम्फोसाइट जास्त, असे चित्र असेल तर आपल्यासारख्या देशात टीबीची शक्यता खूप वाढते. पण पू झालेल्या पाण्यात, लिम्फोमा या कर्करोगात आणि संधिवाताशी संबंधित पाण्यातही एडीए वाढतो.

समजा, दोन रुग्णांचा एडीए सारखाच आहे, ६५. पहिला २२ वर्षांचा. तीन आठवडे ताप, वजन चार किलोने कमी, पाणी फिकट पिवळे, लिम्फोसाइट ८५ टक्के. हे चित्र टीबीचे आहे. दुसरा ५८ वर्षांचा, मधुमेह असलेला. आठवडाभर थंडी वाजून ताप, पाणी गढूळ, न्यूट्रोफिल ९० टक्के, पाण्यातील साखर अगदी कमी. इथे पू झाल्याची शक्यता जास्त. त्याला तातडीने छातीत नळी घालून पू काढणे आणि अँटिबायोटिक्स लागतील. त्याला फक्त टीबीच्या गोळ्या देऊन घरी पाठवले तर जीवावर बेतेल.

आता तिसरा रुग्ण : ६४ वर्षांचा, अनेक वर्षे विडी ओढणारा, पाणी लालसर, काढले की आठवड्यात पुन्हा भरते, एडीए १८. इथे टीबीची शक्यता कमी आहे. सायटॉलॉजी, सीटी स्कॅन आणि बायोप्सीकडे वळायला हवे.

बाकी कोणत्या तपासण्या मदत करतात?

थुंकी : खोकला कमी असला तरी थुंकी तपासायला द्यावी. आवरणाच्या टीबीसोबत काही जणांत फुप्फुसातही टीबी असतो. पाण्यात न सापडलेले जंतू थुंकीत सापडतात, आणि आजार इतरांना लागू शकतो का तेही त्यावरून कळते. टीबी फक्त आवरणातच असेल तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही.

आवरणाची बायोप्सी : पाण्यात जंतू मोजके असले तरी सुजलेल्या आवरणात टीबीच्या खुणा सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. सुईने, किंवा थोरॅकोस्कोपी म्हणजे छोट्या छेदातून दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडा घेतात. हे सर्वांना लागत नाही. रिपोर्ट एकमेकांशी जुळत नसतील, कर्करोगाची शंका असेल किंवा उपचारांनी फरक पडत नसेल, तेव्हा ती करावी लागते.

कोणत्या चाचण्यांवर निदान ठरवू नये?

मॅन्टू आणि टीबी गोल्ड या चाचण्या शरीरात कधीतरी टीबीचा जंतू शिरला होता का, एवढेच सांगतात. आपल्याकडे अनेक निरोगी माणसांतही त्या पॉझिटिव्ह येतात. उलट, आवरणाच्या टीबीच्या सुरुवातीला मॅन्टू निगेटिव्हही येऊ शकते. ईएसआर कोणत्याही सुजेत वाढतो. रक्तातील अँटिबॉडी शोधून टीबीचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कोणी असा रिपोर्ट दाखवून औषधे सुरू करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

"औषधे देऊन बघू" यात काय बिघडते?

टीबीचे औषध सहा महिने घ्यायचे असते आणि काही जणांत ते लिव्हरला त्रास देते. आजार कर्करोग किंवा पू असेल तर मधले आठवडे वाया जातात. आजार टीबीच असला तरी औषधे सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणे आणखी अवघड होते, आणि तो साध्या औषधांना दाद देणारा आहे की नाही हे कळायची संधी जाते. न्यूमोनिया समजून दिलेली लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्सही टीबीला काही दिवस दाबून ठेवतात. ताप उतरतो आणि निदान लांबते.

म्हणून क्रम असा हवा : आधी नमुना, मग औषध.

याचा अर्थ जंतू सापडेपर्यंत थांबायचे असा मात्र नाही. पाण्याची पूर्ण तपासणी झाली, वय, लक्षणे, लिम्फोसाइट आणि एडीए हे सगळे टीबीकडे बोट दाखवत आहेत आणि दुसरे कारण दिसत नाही, तर जंतू न सापडताही उपचार सुरू करणे योग्य असते. अनेक रुग्णांचे निदान असेच होते. हा अंदाजपंचे उपचार नाही. कल्चरचा नमुना तेव्हा प्रयोगशाळेत वाढतच असतो.

पाणी आपोआप गेले तर?

हा सगळ्यात फसवा भाग आहे. टीबीचे पाणी पुष्कळदा उपचारांशिवायही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. ताप जातो, एक्स-रे सुधारतो आणि विषय मागे पडतो. पण जंतू आतच असतो. १९५० च्या दशकात अमेरिका आणि फिनलंडमधील सैनिकांवर झालेल्या अभ्यासांत, असे उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के जणांना पुढील काही वर्षांत फुप्फुसाचा किंवा अन्य अवयवाचा टीबी झाल्याचे आढळले. त्या वेळी हा आजार घरच्यांनाही लागू शकतो. म्हणून पाणी गेले तरी त्याचे कारण शोधायचे सोडू नका.

निदान झाल्यावर

नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, वजनानुसार, रोज. सरकारी राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ती मोफत मिळतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरी निक्षय पोर्टलवर नोंद होणे बंधनकारक आहे. निक्षय पोषण योजनेत उपचाराच्या काळात आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली आहे. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी सोबतच करून घ्या. घरातील लहान मुलांची आणि खोकला किंवा ताप असलेल्यांची तपासणीही करा.

ताप साधारण दोन आठवड्यांत उतरू लागतो, पाणी ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो. काही जणांत उपचार सुरू झाल्यावर पाणी थोडे वाढलेले दिसते. अशा वेळी औषधे स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. पण महिनाभर नियमित औषधे घेऊनही ताप, वजन आणि दम यांत काहीच फरक नसेल, तर निदान पुन्हा तपासायला हवे. उपचार संपल्यावर एक्स-रेमध्ये आवरण थोडे जाड दिसले तर तो नेहमी चालू आजार नसतो, जुना वणही असू शकतो.

डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा

- पाणी काढून तपासले का? नसेल तर का नाही?
- लिम्फोसाइट किती आहेत आणि एडीए किती?
- सीबीनॅट आणि कल्चरसाठी नमुना पाठवला का?
- थुंकी तपासली का?
- टीबीशिवाय दुसरे कोणते कारण असू शकते?
- फरक पडतो आहे की नाही हे कधी आणि कशावरून ठरवायचे?

लगेच रुग्णालयात कधी जावे?

बसल्या जागी दम लागणे, ओठ निळसर पडणे, थंडी वाजून जोराचा ताप, पाणी काढल्यानंतर अचानक छातीत दुखणे किंवा दम वाढणे, खोकल्यातून रक्त येणे, तसेच टीबीची औषधे सुरू असताना डोळे पिवळे होणे किंवा सारख्या उलट्या होणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका. रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, त्याला मात्र घाबरायचे कारण नाही.

सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा आणि डॉक्टर बदलले तरी ती फाइल सोबत न्या. सगळे कागद एकत्र पाहायला मिळाले तर या आजाराचे निदान लवकर आणि नीट होते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तपासण्या आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.